अब्बांच्या पद्मिनीला कोणतं ऑइल?

जळगाव-धुळ्यात काही घरांत अब्बांची पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर अजून जपलेली आहे. ‘महाग तेच चांगलं’ म्हणत तिच्यात नव्या गाडीचं ०डब्ल्यू-२० ऑइल भरू नका.

‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंडीतला दाटपणा सांगतो, नंतरचा १०० अंशांवरचा. झिजलेल्या इंजिनात पार्टमधली फट वाढलेली असते. तिथे पातळ ऑइल टिकत नाही. प्रेशर पडतं, बेअरिंग घासतं. त्यात आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन! म्हणून २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइलच बरं.

गाडी उभीच असली तरी वर्षातून एकदा ऑइल बदला. डिपस्टिक दर जुम्याला बघा. आणि ऑइलचा लाल दिवा लागला, तर घर दोन किलोमीटरवर असलं तरी इंजिन तिथेच बंद करा. ऑइलपेक्षा इंजिनचं काम कितीतरी महाग पडतं.