गुळाचं पोतं आणि आफ्रिकेची गोगलगाय

बसा असे सोप्यावर, पाय वर घेऊन. आर्द्रा लागली आहे, बाहेर भुरभुर चालू आहे, लाईट गेलीय ती काही इतक्यात येत नाही, आणि अशा रात्री आपल्या कोल्हापुरात कुणाच्याही परड्यात बॅटरी घेऊन उतरलात तर जी बाई भेटण्याचा संभव आहे, तिचीच गोष्ट आज काढतो. बाई म्हणालो खरं, पण ती बाईही आहे आणि बाप्याही आहे. ते कसं, ते पुढं येईलच.

आमच्या लहानपणी गोगलगाय म्हणजे चपट्या कवचाची, बोटाच्या पेरावर मावणारी, हात लावला की आत जाणारी. एखादा फारच गरीब स्वभावाचा माणूस दिसला की आम्ही त्याला गोगलगाय म्हणायचो. आता परड्यात जी फिरते ती निराळी. टोकदार उभं कवच, शंखासारखं, तपकिरी, त्यावर गडद उभे पट्टे, आणि पुरी वाढली की मूठ भरते. शेतीखात्याची माणसं हिला ‘शंखी गोगलगाय’ म्हणतात, शास्त्रज्ञ ‘आफ्रिकन राक्षसी गोगलगाय’ म्हणतात, आणि आमच्या शेजारच्या वहिनी जे म्हणतात ते इथं सांगण्यासारखं नाही.

वहिनींचाही इलाज नव्हता म्हणा. दसऱ्याला दारात आपल्याच परड्यातला झेंडू लावायचा म्हणून त्यांनी रोपं तयार केली, संध्याकाळी वाफ्यात लावली, आणि सकाळी बघतात तर नुसते देठ. पहिला संशय पलीकडच्या कोंबड्यांवर. मग कंपाउंडच्या दोन्ही बाजूंनी असं काही बोलणं झालं की कोंबड्यांच्या मालकिणीनं हळदीकुंकवाला यायचं बंद केलं. शेवटी कुणीतरी उन्हाच्या तिरिपेत भिंतीवर चमकणारा चिकट पट्टा दाखवला, तो माग काढत गेले तर कुंडीच्या बुडाशी ह्या बाई पोट भरून निवांत झोपलेल्या. कोंबड्या सुटल्या, हळदीकुंकू अजून सुटलेलं नाही.

खाणं काय विचारता! पाचशेहून जास्त प्रकारच्या वनस्पती ही खाते अशी नोंद आहे. पपई, केळ, झेंडू, कोबी, वांगी, भोपळ्याचे वेल, कोवळं रोप असेल तर पहिलं. तोंडात आपल्यासारखे दात नाहीत, पण जिभेवर बारीक दातांच्या ओळीच्या ओळी आहेत, हजारोंनी, आणि खोबरं किसणीवर ओढावं तशी ही जीभ पानावर ओढत राहते. पुढचे दात झिजले की मागून नवी ओळ सरकत येते. आपल्यालाही अशी सोय असती तर दाताच्या डॉक्टरांना दुसरा धंदा बघावा लागला असता.

पण पानं खाऊन भागत नाही हिचं. कवच बांधायचं म्हणजे चुना पाहिजे, आणि एवढं मोठं कवच म्हणजे चुनाही तसाच. म्हणून ही रात्री भिंतीवर चढते आणि चुन्याचा गिलावा खाते. पेठांतल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी ऐकून ठेवा. गिलावा पडला की आपण पावसाला नाव ठेवतो; पण पावसानं पडलेला गिलावा खाली सापडतो, हिनं खाल्लेला सापडत नाही. दुसरा चुना मिळाला नाही तर हाडं खाते, मेलेल्या भाऊबंदांची कवचंही खाते.

डोक्यावर चार शिंगं. वरची दोन लांब, त्यांच्या टोकाला डोळे. खालची दोन आखूड, ती वास घ्यायला. डोळ्याला काडी लावून बघा, अख्खा डोळा शिंगाच्या आत ओढून घेते. एवढंच नव्हे, शिंग तुटलं तर नवं उगवतं, डोळ्यासकट. आणि पोटाखालून जो चिकट रस सोडत जाते तो असा की वस्तऱ्याच्या पात्यावरून चालली तरी कापत नाही.

आता ते बाई-बाप्याचं. प्रत्येक गोगलगायीच्या अंगात नर आणि मादी दोन्ही असतात. दोघी भेटल्या की तासन् तास एकमेकींना बिलगून बसतात, आणि नंतर दोघीही अंडी घालायला मोकळ्या. म्हणजे लग्न एक आणि बाळंतपणं दोन. त्याहून नवल असं की मिळालेलं बीज ही अंगात कित्येक महिने जपून ठेवते, आणि जोडीदार नसला तरी त्यातून पुन्हा पुन्हा अंडी घालते. एका वेळी शंभर-दोनशे, कधी त्याहूनही जास्त, मऊ मातीत उकरून, ज्वारीच्या दाण्याहून जराशी मोठी, पिवळसर पांढरी. वर्षाकाठी हजारावर अंडी सहज. आयुष्य पाच-सहा वर्षांचं. हिशेब करा. नाहीतर नका करू, झोप यायची नाही.

तुम्ही म्हणाल, मग दिवाळीनंतर दिसत का नाही? तीच तर गंमत आहे. पाऊस संपला, जमीन वाळायला लागली की ही कंपाउंडच्या दगडांच्या फटीत, विटांच्या ढिगाखाली, पालापाचोळ्यात, नाहीतर सरळ जमिनीत घुसते, अंग आत ओढते, आणि कवचाच्या तोंडावर वाळून कडक होणारा पडदा धरते. आत सगळा संसार मंद. खाणं नाही, पिणं नाही, हृदयाचे ठोकेसुद्धा हळू. असा हिवाळा जातो, चैत्र-वैशाख जातो, आपण रंकाळ्यावर हवा खायला जाऊन येतो, आणि मृगाचा पहिला सडा पडला की पडदा फोडून उपाशी बाई बाहेर. नेमकं तेव्हाच आपणही बी टाकलेलं असतं.

आता ही आली कुठून? मूळ घर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याचं. तिथून मादागास्कर, तिथून मॉरिशस. आणि मॉरिशसहून आपल्याकडं कुणी आणली म्हणाल, तर गोगलगायींच्याच एका अभ्यासकानं. विल्यम बेन्सन नावाचे ईस्ट इंडिया कंपनीचे साहेब होते, शंख-शिंपल्यांचे मोठे जाणकार. 1847 साली त्यांनी ह्या गोगलगायी जिवंत कलकत्त्याला आणल्या, त्या चौरंगीतल्या एका ओळखीच्या माणसाकडं गेल्या, आणि त्यानं आपल्या बागेत सोडून दिल्या. झालं. बागेच्या कुंपणाला ती थोडीच जुमानणार! पुढं रोपांच्या मुळाशी मातीत, केळीच्या कंदाला चिकटून, वाळूच्या गाडीतून, विटांच्या ट्रकमधून ती देशभर हिंडली. स्वतःच्या पोटावर चालून तिनं काय मजल मारली असती? जी मारली ती आपल्या चाकांवर.

आपणच खुळे असं मात्र समजू नका. अमेरिकेत 1966 साली एका पोरानं हवाईहून फ्लोरिडाला येताना गंमत म्हणून तीन गोगलगायी खिशात घालून आणल्या. आजीनं त्या बघितल्या आणि नेऊन बागेत सोडल्या. आजीच ती, जीव मारवेना. सात वर्षांनी मोजल्या तर अठरा हजारांवर! त्या निपटायला दहा वर्षं आणि दहा लाख डॉलर लागले. आणि इतकं करून 2011 साली त्या फ्लोरिडात पुन्हा निघाल्याच. तेव्हा तर वास घेणारी कुत्री शिकवून कामाला लावली, दीड लाखावर गोगलगायी उचलल्या, आणि संपल्या असं जाहीर करायला 2021 साल उजाडलं. पुढच्याच वर्षी तिथल्याच दुसऱ्या भागात पुन्हा सापडल्या. असो.

आपल्याकडं 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि धाराशिवच्या शेतकऱ्यांना हिनं रडवलं. सोयाबीन उगवून दोन पानांवर आलं की रात्रीत साफ. दुबार पेरणी केली, तीही खाल्ली. सरकारला गोगलगायीनं खाल्लेल्या पिकाची भरपाई जाहीर करावी लागली, यावरून समजा. आपल्या परड्यातल्या चार वाफ्यांचं दुःख त्यापुढं काहीच नाही.

इलाज विचारलात की एक शहाणा नेहमी उठतो आणि म्हणतो, “हिला खाणारं काहीतरी आणून सोडा की!” तर ती गोष्ट ऐका. प्रशांत महासागरात मूरिया म्हणून एक बेट आहे. तिथंही ही राक्षसीण पोचली होती, म्हणून 1977 साली लोकांनी अमेरिकेकडची एक शिकारी गोगलगाय आणून सोडली, जी दुसऱ्या गोगलगायींच्या मागावर जाऊन त्यांना खाते. शिकारी बाईंनी बेट बघितलं, ही दांडगी राक्षसीण बघितली, आणि शेजारच्या झाडांवरच्या नखाएवढ्या देशी पार्टुला गोगलगायी बघितल्या. सोपं काय ते तिला लगेच समजलं. दहा वर्षांत मूरियाच्या सातही पार्टुला जाती रानातून जवळजवळ संपल्या; त्यांतल्या काही उरल्या त्या लंडनसारख्या ठिकाणच्या प्राणिसंग्रहालयात डब्यात वाढवल्या म्हणून. राक्षसीण होती तिथंच राहिली.

मग करायचं काय? तर आपल्या हातात गूळ आहे. सगळ्या मुलखात नाव झालेला कोल्हापूरचा गूळ, आणि ही बाई त्या वासाला भुलते. गुऱ्हाळाच्या शेजारी राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. जुनं गोणपाट घ्या, प्लॅस्टिकचं नको. गुळाच्या पाण्यात चांगलं भिजवा, आणि संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरून ठेवा. गूळ चांगलाच हवा असं काही नाही, काळा पडलेला, ढेपेच्या बुडाचा चालतो. आमच्या ओळखीच्या एका मामांनी गोगलगायीला एक नंबर गूळ घातला तेव्हा मामी आठवडाभर त्यांना बिनसाखरेचा चहा देत होत्या. सकाळी ऊन तापायच्या आत पोतं उलटं करा. खाली, घडीत, कडेला त्या जमलेल्या असतात. हातात मोजे घाला, नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, आणि मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. नंतर खोल खड्ड्यात पुरा.

मोजे का, तर हिच्या अंगात उंदराकडून आलेला एक बारीक जंत असू शकतो, तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. म्हणून पोरांना हिच्याशी खेळू देऊ नका, आणि पावसाळ्यात मेथी-कोथिंबीर तीनदा धुवा.

मीठ बादलीतच राहू द्या. काही लोक वाफ्यावरच मिठाच्या पुड्या उधळतात. मिठानं तिच्या ओल्या अंगातलं पाणी खेचून निघतं आणि ती मरते हे खरं. पण ते मीठ जमिनीत राहतं आणि मग गोगलगायही नाही आणि झाडही नाही. क्षारपड जमीन म्हणजे काय ते शिरोळकडच्या शेतकऱ्याला विचारा. वाफ्याभोवती कोरड्या चुन्याची जाड रेघ ओढा, ती ओलांडायला ही कचरते. मात्र पावसानं धुतली की पुन्हा ओढायला लागते. बाजारात मेटाल्डिहाईडच्या गोळ्या मिळतात, गोगलगाय मरते, पण कुत्र्यानं खाल्ल्या तर कुत्रंही मरतं. घरात मोती असेल तर त्या वाटेला जाऊ नका. आणि सगळ्यात स्वस्त काम उन्हाळ्यातलं: वैशाखात दगड-विटा हलवा, पडदा धरून झोपलेल्या बाया तशाच वेचून घ्या. तेव्हा त्या पळत नाहीत. पावसाळ्यातही पळत नाहीत म्हणा, पण तेव्हा अंडी घालतात.

वेचताना एक मात्र बघा. कवचाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडं असं धरलं तर राक्षसिणीचं तोंड उजवीकडं उघडतं. सह्याद्रीत आपली एक देशी गोगलगाय आहे, तिचं कवच उलटं, डावीकडं वळलेलं असतं. डावखुरी सापडली तर ती आपली, तिला सोडा. लहान, चपट्या कवचाच्या असतात त्याही सोडा. गारगोटी-आजऱ्याकडं, आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात अशी अशी नवलं निघतात की शास्त्रज्ञ अजून नावंच ठेवताहेत; 2021 साली आंबोलीच्या अर्धं कवच असलेल्या एका गोगलगायीला त्यांनी ‘वरदिया आंबोलिएन्सिस’ म्हटलं, सरड्या-बेडकांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या नावावरून.

आणि खाणारे म्हणाल तर ते बाहेरून आणायला नकोत, इथंच आहेत. भारद्वाज दिसला की आपण हात जोडतो, शकुन म्हणून. जोडा, पण तो ह्या गोगलगायी ओढून खातो म्हणूनही जोडा, आणि त्याच्यासाठी परड्याच्या कोपऱ्यात एखादं गचपण राहू द्या. दुसरा शिकारी ऐकाल तर विश्वास बसणार नाही: काजवा. राधानगरीला पावसाच्या तोंडावर काजवे बघायला गाड्या भरून माणसं जातात, झाडंच्या झाडं चमकतात. तो उडणारा काजवा फार काही खात नाही. पण त्याची अळी पक्की खाटीक. गोगलगायीचा चिकट माग धरून जाते, तिच्या कवचावर चढते, दंश करून तिला बधिर करते, अंगातलं मांस पातळ करून पिते. श्रीलंकेत काजव्याच्या अळ्या ह्या राक्षसिणीलाही लोळवतात. म्हणजे झाडावरचे ते चार दिवसांचे दिवे आधी महिनोन् महिने गोगलगायींवर पोसलेले असतात. परड्यात जहाल औषधं मारली की पहिल्या ह्याच अळ्या मरतात.

तेव्हा आता एवढं करा. नर्सरीतून कुंडी आणलीत की रोप मातीसकट बाहेर काढून मुळाशी बघा, पिवळसर अंडी दिसली तर ती माती उकळत्या पाण्यात घाला. सापडलेली गोगलगाय कंपाउंडपलीकडं भिरकावू नका, पलीकडं वहिनी राहतात. आणि पोतं एकट्यानं टाकू नका. एका रात्री सगळ्या गल्लीनं मिळून टाका, दर चार-आठ दिवसांनी टाका, सगळा पावसाळा टाका. गूळ कमी पडला तर आमच्याकडं आहे.