मागे उभे राहणाऱ्यांचे गाणे
(समूहस्वर : लेखांक सातवा)

मागील लेखांकात युरोपातील लहान गायकवृंदांची, म्हणजे ज्यांना तिकडे चेंबर कॉयर म्हणतात त्यांची, रचना आपण पाहिली : मोजके वीस-पंचवीस गळे, चार स्वरभाग, बहुधा वाद्यांची साथ नाही, आणि कोणताही एक गळा इतरांवर चढून ऐकू येऊ नये अशी कडक शिस्त. ही माणसे कोठून येतात आणि गाण्यापूर्वी व गाण्यानंतर काय करतात, हा प्रश्न तेव्हा शिल्लक राहिला होता. केंब्रिजचे किंग्ज कॉलेज सहाव्या हेन्री राजाने १४४१ साली स्थापिले आणि त्याच्या नियमावलीत सोळा बालगायकांची तरतूद करून ठेवली. तेथील गायक कोवळ्या वयापासून प्रार्थनामंदिराच्या आश्रयाने घडत आला आहे. एरिक एरिक्सन यांनी १९४५ साली स्टॉकहोमला उभारलेला वृंद मात्र तरुण संगीतप्रेमी स्नेह्यांचा होता. आजही युरोपातील अशा असंख्य वृंदांतील गायक दिवसा शिक्षक, कारकून वा डॉक्टर असतात आणि सायंकाळी स्वरलिपीचे कागद घेऊन तालमीस हजर होतात. पोटाचा व्यवसाय एक आणि कंठाचा दुसरा, ही त्यांची सामान्य स्थिती आहे.

हाच प्रश्न आपल्या कृष्णाकाठी, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत, कोणी विचारला तर उत्तर देण्यास आपले दप्तर अपुरे पडते. एकट्याने गाणाऱ्यांची नोंद आपण चोख ठेवली आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी मिरजेस शिष्य तयार केले, त्यांतील विष्णु दिगंबर पलुस्कर १८९६ साली मिरज सोडून बाहेर पडले व १९०१ मध्ये लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे व तेथे दरसाल उरुसात गवई हजेरी लावतात, हे सर्व शाळकरी मुलासही सांगता येते. परंतु कीर्तनकाराच्या मागे, शाहिराच्या मागे, सूत्रधाराच्या मागे उभे राहून ज्यांनी धृपद धरले, झील ओढली, स्वर तुटू दिला नाही, त्यांची नावे, गावे व शिक्षण यांविषयी आपण जवळजवळ मूक आहोत. माझ्या मते ही उणीव गंभीर आहे. कारण या प्रदेशाचे समूहगायन ज्या कानांवर व गळ्यांवर उभे आहे ते कान आणि गळे एखाद्या घराण्यात सापडत नाहीत, ते याच माणसांचे आहेत.

सांगलीचेच पाहा. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आज्ञेवरून विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, ही तारीख मराठी नाट्यसृष्टीचा आरंभ म्हणून आपण पाळतो. पण त्या प्रयोगात पात्रे बहुतांशी गात नसत, पदे सूत्रधार म्हणे व मृदंग-झांजांसह त्याचे साथीदार ती उचलून धरीत, आणि त्या पदांच्या आधारावर पात्रे अभिनय व आयत्या वेळचे भाषण करीत, हे ध्यानात घेतले म्हणजे मराठी नाटकाचा पहिला गायक एक नव्हता, तो एक लहानसा वृंद होता, असे म्हणावे लागते. १८५१ साली आप्पासाहेब निवर्तले, दरबारचा आश्रय सुटला, आणि मंडळी गावोगाव फिरू लागली. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ बसविले, गाणे पात्रांच्या मुखी आले, आणि कडेला उभा असणारा तो वृंद रंगभूमीवरून हळूहळू नाहीसा झाला. भाव्यांची पदे छापून निघाली. ती पदे झेलणाऱ्या साथीदारांचे चरित्र कोणी लिहिले नाही.

साताऱ्याचे उदाहरण याहून पुष्कळ समृद्ध आहे, आणि ते अजून जिवंत असल्यामुळे त्यावर थोडे अधिक थांबणे योग्य होईल. सातारा तालुक्यातील आरफळचे हैबतराव पवार शिंदे सरकारांच्या पदरी सरदार होते. विरक्ती आल्यावर ते आळंदीस येऊन राहिले, आणि ज्ञानेश्वरांच्या पालखीचा जो सोहळा आज आपण पाहतो त्याची घडी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, सुमारे १८३२ च्या आसपास, त्यांनी बसविली. आळंदीच्या महाद्वारातील पायरी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. लष्करी शिस्तीत वाढलेल्या या पुरुषाने दिंड्यांचे क्रम, त्यांच्या जागा, भजनाची वेळ व मालिका यांस जे वळण लावले, त्यामुळे शेतावरून निघालेला माणूस एका नियमबद्ध गायकवृंदाचा घटक होऊन पंढरपुराकडे चालू लागला. नीरा ओलांडून पालखी सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे तिचे मुक्काम पडतात, आणि चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते. या टापूतील टाळकऱ्यांस ही वाट घरच्या अंगणासारखी परिचित असते.

दिंडी म्हणजे कोण कोण? मध्ये गळ्यात वीणा अडकविलेला विणेकरी, त्याच्याजवळ मृदंगी, दोहो बाजूंस समोरासमोर किंवा मागेपुढे ओळीत टाळकरी, पुढे पताका, मागे तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया. अभंग कोणता हे मनास येईल तसे ठरत नाही. पहाटेचे काय, चालताना काय, मुक्कामास पोचता काय, याची परंपरेने मालिका ठरलेली आहे आणि जुन्या टाळकऱ्याला ती तोंडपाठ असते. एकाने चाल सोडायची, इतरांनी ती उचलायची, धृपदावर परत यायचे, मृदंगाची लय वाढली की टाळाने तिच्याबरोबर जायचे. आणि म्हणणाऱ्याने उत्साहाच्या भरात सूर फार वर धरला तर वयस्क टाळकऱ्यांनी मुकाट्याने खालचे सप्तक घ्यायचे, म्हणजे चाल मोडत नाही. येथे चार स्वरभाग नाहीत, सर्वांची चाल एक आहे. तथापि प्रत्येकाचा गळा त्या चालीतून स्वतःच्या वळणाने जातो, कोणी स्वरावर थोडा आधी पोचतो, कोणी थोडा रेंगाळतो, आणि त्या सर्वांचा मिळून जो भरीव नाद उठतो तो पाश्चात्य वृंदाच्या एकजीव नादापेक्षा निराळा व माझ्या कानास अधिक प्रिय आहे.

टाळ वाजविणे हे काम सोपे नाही. काशाच्या दोन वाट्यांची दोरी बोटांस वेढून घ्यावयाची. वाटी वाटीवर पुरी बसली तर नाद दबतो, काठाला काठ निसटता लागला तर तो लांबतो, आणि ‘दाबलेला’ व ‘सोडलेला’ असे हे दोन नाद लयीत गुंफीत असतानाच मुखाने अभंग व पायाने पावली चालवावयाची असते. हे शिक्षण कोठे मिळते? गावातील विठ्ठलमंदिरात वा मारुतीच्या देवळात, एकादशीच्या भजनात, कार्तिकातील काकड्यास, अखंड हरिनाम सप्ताहात. दहा-बारा वर्षांचा मुलगा प्रथम ओळीच्या अगदी शेवटी उभा राहतो, त्याच्या हाती टाळ येण्यापूर्वी काही दिवस टाळ्याच असतात. मृदंगी भजनापूर्वी डाव्या तोंडाला कणीक थापून नाद जुळवीत असतो तेव्हा पाण्याची वाटी धरण्याचे काम त्याच्याकडे येते, आणि स्वर म्हणजे काय याची त्याला पहिली ओळख तेथे होते. सरगम त्याला ठाऊक नसते, रागाचे नाव विचारले तर सांगता येत नाही. मात्र शंभर-दीडशे अभंग चालींसह त्याच्या स्मरणात असतात आणि चाल अर्ध्या मात्रेने चुकली तर त्याची मान आपोआप वर होते.

या वृंदास आपली दाद-फिर्याद मांडण्याची एक रीत आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी सर्व दिंड्या पालखीभोवती जमतात, चोपदार दंड उंचावून शांततेची खूण करतो, आणि क्षणार्धात हजारो टाळ थांबतात. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, तिची हकीकत ऐकून घेतली जाते, निवाडा होतो किंवा आश्वासन मिळते, तेव्हाच तो नाद थांबतो. लेखी अर्जाची गरज नाही, मध्यस्थाची गरज नाही. लहानात लहान दिंडीतील टाळकऱ्याचे म्हणणे सर्वांस ऐकू जाते. गाणाऱ्यांच्या समुदायाने आपला हक्क आपल्याच वाद्याने मागावा, अशी व्यवस्था जगात अन्यत्र माझ्या ऐकिवात नाही.

शाहिराचा झीलकरी हा या टाळकऱ्याचा सख्खा शेजारी, अनेकदा तर तोच तो माणूस. एकतारी तुणतुणे खांद्याशी धरून तो शाहिराच्या किंचित मागे उभा राहतो, डफाच्या थापेबरोबर ओळीचा शेवट उचलतो, आणि शाहीर श्वास घेईपर्यंत स्वर लांबवितो. तमाशात त्यालाच सुरत्या म्हणतात, आणि तेथे त्याला इतका उंच सूर लावावा लागतो की पुष्कळांचे गळे चाळिशीतच बसतात. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावी १८६६ साली जन्मलेले पठ्ठे बापूराव कुलकर्णी घराण्यातले. जात्यावरच्या ओव्या ऐकून त्यांस कवित्वाची गोडी लागली असे सांगतात. त्याच तालुक्यातील वाटेगावी १९२० साली जन्मलेले अण्णा भाऊ साठे मातंग समाजातले, वडिलांबरोबर पायी मुंबईस गेलेले, गिरणीत राबलेले, आणि नात्यातील बापू साठे यांच्या तमाशात वावरून तयार झालेले. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. बार्शीचे अमर शेख यांचेही आयुष्य मोटारीवरील क्लीनर आणि गिरणी कामगार अशा नोकऱ्यांतून गेलेले होते. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे (जन्म १९२३) यांनी पुढे ‘महाराष्ट्राची लोकधारा’त वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी यांचे सामुदायिक गाणे शहरी प्रेक्षागृहात नेले. तासगाव-मिरजेच्या बाजूला कवलापूरचे नाव तमाशाशी कायमचे जोडले गेले आहे; काळू-बाळू या जुळ्या भावांचा फड तेथला. या सर्वांत एक गोष्ट समान दिसते : जातीने, धर्माने, धंद्याने भिन्न असलेली माणसे एका सुरात उभी राहिली. गावगाड्याने ज्यांस वेगवेगळ्या पाणवठ्यांवर ठेवले त्यांस फडाने एका ओळीत आणले, मग ते रात्रीपुरते का असेना.

स्त्रियांचे गाणे याहूनही कमी नोंदले गेले होते. पहाटे जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात लागत, एकीने ओवीचा पूर्वार्ध म्हणावा व दुसरीने तो पुरा करावा. दोनच गळ्यांचा हा वृंद घरोघर होता आणि त्यातील गुरू आई, आजी किंवा सासू असे. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि गाणारणीचे नाव व गाव त्यांसोबत टिपले, यासाठी आपण त्यांचे ऋणी आहोत. पिठाच्या गिरण्या आल्या आणि तो वृंद मोडला. त्यातील कित्येक गळे आज महिला भजनी मंडळांत ऐकू येतात, पेटी आणि ढोलकी साथीला घेऊन.

ज्या अर्थाने युरोपात कॉयर म्हणतात त्या अर्थाचे गायनही या प्रदेशास अपरिचित नाही. डॉ. वॉनलेस यांच्या मिरजेतील मिशन रुग्णालयाभोवती जो ख्रिस्ती समाज वसला त्याच्या उपासनेत विलायती चाली आल्या. दुसरीकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरविला. त्यांनी अभंग व ओवी या छंदांत भक्तिगीते रचिली, तेव्हा टाळ-मृदंगावर वाढलेल्या गळ्यांस ख्रिस्ती उपासनेत परकेपणा वाटेनासा झाला. मराठी ख्रिस्ती गायक एकाच सकाळी चार स्वरांचे स्तोत्र आणि अभंगाची चाल अशी दोन्ही म्हणतो. अशी द्विविध तालीम मिळालेला समूहगायक महाराष्ट्रात अन्यत्र विरळाच. मुंबईस व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ साली उभारलेला आणि पुढे कुमी वाडिया यांनी चालविलेला वृंद पाश्चात्य पद्धतीचा म्हणून नावाजला, त्याचा परामर्श स्वतंत्र लेखांकात घेणार आहे.

गेल्या पन्नास वर्षांत टाळकऱ्याच्या शिक्षणात एक मोठा पालट झाला. साताऱ्यास १९३६ साली जन्मलेले बाबामहाराज सातारकर यांच्या हरिपाठाच्या ध्वनिफिती घरोघर पोचल्या, आणि त्यांच्या मागे म्हणणाऱ्या वृंदाची चाल खेडोपाडी प्रमाण मानली जाऊ लागली. त्यामुळे लाखो लोकांस हरिपाठ पाठ झाला, हा लाभ थोडा नव्हे. परंतु माण-खटावातील गाव आणि शिराळ्याकडील गाव एकच अभंग निराळ्या चालीने म्हणत, ते वैविध्य त्याच वेगाने ओसरले. आजही काही देवळांत सत्तरी ओलांडलेले दोघे-तिघे टाळकरी जुनी चाल म्हणतात आणि पोरे ऐकून घेतात. त्या चाली, त्या टाळकऱ्यांची नावे, त्यांचा व्यवसाय आणि ते कोणाकडून शिकले, इतके चार रकाने भरलेली एखादी वही प्रत्येक भजनी मंडळाने ठेवली तर पुढच्या लेखकाचे दप्तर आजच्यासारखे रिकामे राहणार नाही. लिहिणारा गावातील शाळामास्तर असो वा कॉलेजात जाणारी मुलगी असो, टाळकरी अजून सांगावयास बसले आहेत तोवरच हे काम होण्याजोगे आहे.

(पुढील लेखांकात मृदंगी व पखवाजी यांचा विचार.)