मशीन म्हातारं झालं नव्हतं

गेल्या वैशाखातली गोष्ट. एका लग्नाचा अल्बम शनिवारी छपाईला जायचा होता आणि गुरुवारी रात्री अकरा वाजता आमच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर निळं चक्र गरगरत बसलं होतं. नवरीचा फोटो जरा डावीकडे सरकवावा म्हटलं, तर माउस आधी जायचा आणि फोटो तीन सेकंदांनी रमतगमत मागून यायचा. सेव्ह म्हटलं की उठून चहा टाकावा.

दुरुस्तीवाल्यानं फोनवरच निकाल दिला होता, "ताई, मशीन म्हातारं झालंय. आता नवीनच घ्या." मी कोटेशनसुद्धा मागवलं. सुट्टीला आलेला भाचा म्हणाला, "मावशी, अगं ताप किती आहे ते न बघताच ऑपरेशन? आधी अडतंय कुठं ते तर बघू."

त्यानं कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर २० टक्के, मेमरी ९६ टक्के, डिस्क १०० टक्के. म्हणजे ज्याच्या नावानं मी बोटं मोडत होते तो प्रोसेसर बिचारा हातावर हात ठेवून बसला होता. कोंडी दुसरीकडेच होती.

मला ती समजली बाबांच्या डार्करूममुळे. तिथं डेव्हलपर, पाणी आणि हायपो असे तीन ट्रे एका टेबलावर शेजारी शेजारी असायचे. छोट्या प्रिंट असल्या की काम झरझर व्हायचं. मोठ्या प्रिंटची ऑर्डर आली की मोठे ट्रे काढावे लागत, ते टेबलावर मावत नसत. मग हायपोचा ट्रे खाली फरशीवर. प्रत्येक प्रिंटला लाल उजेडात वाका, चाचपडा, परत उठा. बाबांचा हात तोच, वेगही तोच, पण निम्मा वेळ उठण्या-वाकण्यात जायचा. कॉम्प्युटरची रॅम म्हणजे ते टेबल. काम रॅममध्ये मावेनासं झालं की फोटोशॉप उरलेला पसारा डिस्कवर मांडतं. त्या जागेला स्क्रॅच डिस्क म्हणतात. ती आमची फरशी.

पसारा एवढा होतो कसा? कार्डावर आठ-दहा एमबीची दिसणारी जेपेग फाइल ही न तळलेली कुरडई असते. २४ मेगापिक्सेलचा तोच फोटो उघडला की रॅममध्ये ७० एमबीच्या आसपास फुलतो. आमच्या अल्बमचं जोडपान १२ बाय ३६ इंचाचं. ३०० डीपीआयला त्यात ३ कोटी ८८ लाख पिक्सेल बसतात. म्हणजे पानभर पसरलेला एकेक लेअर किमान १११ एमबी. बॅकग्राउंड, फुलांची वेलबुट्टी, सावल्या, त्यावर दहा फोटो. शिवाय 'अनडू' करता यावं म्हणून मागच्या पायऱ्याही लक्षात ठेवायच्या. आमची रॅम होती ८ जीबी, त्यातही ब्राउझरच्या पंधरा टॅब उघड्या आणि एकीकडे गाणी चालू.

फोटोशॉपमध्ये हे बघायची सोय आहे, ती मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हती. फाइलच्या खिडकीत खाली डावीकडे फाइलचा आकार दिसतो. शेजारच्या बाणावर क्लिक करून 'इफिशियन्सी' निवडायचं. आकडा १०० असेल तर सगळं काम रॅममध्ये चाललंय. वरचेवर खाली येत असेल तर फरशीवरची वाकावाकी सुरू झाली आहे. आमचा आकडा ६० च्या घरात होता. त्यात स्क्रॅच डिस्क होती सी ड्राइव्हवर, ती फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क, आणि तिच्यात जागा उरली होती जेमतेम ४ जीबी. टेबल लहान, आणि फरशीवरही पाय ठेवायला जागा नाही!

त्या रात्री फुकटातले उपाय केले. ब्राउझर बंद. सी ड्राइव्हवरची जुनी लग्नं बाहेरच्या डिस्कवर हलवली. प्रेफरन्सेसमध्ये 'हिस्टरी स्टेट्स' ५० वरून २० वर आणल्या. पक्के ठरलेले लेअर एकत्र केले, अर्थात मूळ फाइलची प्रत ठेवून. शनिवार निभावला. सोमवारी एसएसडी बसवला, स्क्रॅच डिस्क तिकडे नेली आणि रॅम ३२ जीबी केली. सगळा खर्च कोटेशनच्या पाचव्या हिश्श्यातच बसला.

कॅबिनेट उघडलं तेव्हा आणखी एक चोर सापडला. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची गोधडी, आणि तिला गुलालाची झाक. विसर्जनाची मिरवणूक आमच्या दारावरून जाते. हवा खेळली नाही की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. दुपारीच जास्त रखडतं, या तक्रारीचं उत्तर कधीकधी ब्लोअरनं निघतं.

तुमचे आकडे वेगळे निघाले तर उपायही वेगळा. सॉफ्टवेअर उघडायलाच वेळ लागत असेल, तर पत्रिकांसाठी गोळा केलेले शेकडो मराठी फॉन्ट तपासा. फक्त झूम करताना आणि ब्रश फिरवताना अडखळत असेल, तर ग्राफिक्स कार्डचा वापर सेटिंगमधून तात्पुरता बंद करून बघा. फरक पडला तर त्याचा ड्रायव्हर नवा घाला. पेनड्राइव्हवरून किंवा कार्डावरूनच फाइल उघडून काम करायची सवय असेल, तर ती आजच सोडा. आधी आतल्या डिस्कवर कॉपी करा, मग उघडा.

आमचं 'म्हातारं' मशीन या लगीनसराईतही चालू आहे. तुमचं रखडत असेल तर कोटेशन मागवण्याआधी, मोठी फाइल उघडी असताना, प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क हे तीन आकडे कागदावर लिहून घ्या. तो कागद दाखवा आणि मगच दुरुस्तीवाल्याशी बोला.