सरासरीत हरवलेला गोंगाट

बिनतारी संवेदकांच्या जाळ्यांवर गेल्या वीस वर्षांत प्रबंधांचे ढीग लागले. मार्ग शोधणं, बॅटरी पुरवणं, घड्याळं जुळवणं यांची उजळणी मी करत नाही. हवेतला अडथळा मोजणं हे एकच काम मला महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं तेच दुर्लक्षित राहिलं.

२००३ मध्ये संवेदकांच्या बोलण्यासाठी ८०२.१५.४ हे मानक आलं. २००५ मध्ये भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा विनापरवाना खुला झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने पावगड तालुक्यात, आयआयटी मुंबईने नाशिकच्या द्राक्षबागेत संवेदक लावले. शेतात हवा मोकळी होती. बाजारपेठेत मात्र त्याच पट्ट्यात १ मिलिवॉटच्या संवेदकासमोर १०० मिलिवॉटचे वायफाय राऊटर उभे राहिले.

आमच्या खडेबाजारात एका कापड दुकानाच्या माडीवर आम्ही संवेदक काही न बोलता नुसता ऐकत ठेवला होता. सकाळी शांत असलेली हवा गिऱ्हाइकांची वर्दळ वाढताच खवळायची आणि तिथल्या जाळ्याची पाकिटं, म्हणजे संदेशांचे गठ्ठे, गळायची. निपाणीत तंबाखूच्या वखारीतही तितकीच पाकिटं गळत होती, पण तिथली हवा शांत होती. ओलसर बोदांच्या थप्प्या संदेशच शोषून घेत होत्या. तिथे संवेदक थप्प्यांच्या वर नेल्यावर काम झालं, खडेबाजारात चॅनेल बदलावं लागलं. गळती सारखी, दुखणं वेगळं! 'पोचलेली पाकिटं मोजा, बाकी सारं फिजूल' म्हणणाऱ्या विद्वानांना हा फरक कधीच दिसला नाही. संदेशाची ताकद भरपूर असून पाकीट बिघडलं, तर दोष अंतराचा नसतो, हेही ते पाहत नाहीत.

दुसरं भांडण सरासरीशी. मायक्रोवेव्ह ओव्हन ५० हर्ट्‌झच्या विजेवर साधारण १० मिलिसेकंद गोंगाट करतो, १० मिलिसेकंद गप्प बसतो. गोंगाट उणे ५० डीबीएम, शांतता उणे ९५. या आकड्यांची सरासरी उणे ७२ च्या आसपास. पण ही पातळी तिथे कुठल्याच क्षणी नसते! १२७ बाइटांचं सर्वांत मोठं पाकीट जेमतेम सव्वाचार मिलिसेकंदांत जातं, म्हणजे त्या शांत फटीत सहज मावतं. ही फट सरासरी बुजवून टाकते. सीसी२४२० सारखी जुनी रेडिओ चिपसुद्धा १२८ मायक्रोसेकंदांतली हवेतल्या संदेशाची ताकद सांगते. ती भराभर वाचून काळाच्या रेषेवर मांडली, की ओव्हन, वायफाय, ब्लूटूथ आपापल्या चालीवरून ओळखू येतात.

हवा मोजण्याची ही शिस्त पाहायची तर नारायणगावजवळ खोडदला जावं. जीएमआरटी या रेडिओ वेधशाळेच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी आकाशातले अतिक्षीण संदेश टिपतात. वीजवाहिनीवरच्या सैल जोडाची ठिणगीही त्यांना त्रास देते, म्हणून तिथली माणसं तो जोड शोधत परिसरात हिंडतात.

२०१२ मध्ये चॅनेल बदलत बोलण्याची पद्धत मानकात आली आणि मोजणीची गरजच संपली, असा समज पसरला. पण कोणती चॅनेल टाळायची, हे मोजल्याशिवाय कसं ठरणार? परदेशी पुस्तकं संवेदकांचं २६ वं चॅनेल वायफायपासून मुक्त मानतात. आपल्याकडे वायफायचं १३ वं चॅनेल चालतं आणि ते थेट तिथवर पोचतं. तरी आज निविदेत संवेदकांची संख्या असते, हवेच्या मोजणीचं पान नसतं. विद्यार्थी पडद्यावरचे रंगीत आलेख पाहतात. स्पेक्ट्रम अॅनालायझर कपाटात धूळ खातो. प्रत्येक निविदेत जागेवरच्या सलग आठवडाभराची, काळानुसार मांडलेली नोंद सक्तीची करा. ती नसेल, तर एकही संवेदक विकत घेऊ नका.