पॅनडॉकच्या पोटातल्या लायब्रऱ्या

माजिवड्याच्या नाक्यावर घोडबंदर रस्ता महामार्गाला मिळतो. तिथून जवळच्या घरात, डेबियन लिनक्सवर, मी लेखांची ई-पुस्तके करतो आणि त्यासाठी पॅनडॉक हा प्रोग्रॅम वापरतो. बर्कलीचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी तो २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. मागवला की दोन पॅकेजे येतात, एक प्रोग्रॅमचे आणि एक त्याच्या साच्यांचे. पण तो बांधताना शंभराहून अधिक लायब्रऱ्या लागलेल्या असतात आणि त्यातली प्रत्येक कुणीतरी आधी वेगळी पॅक केलेली असते.

पॅनडॉकची भाषा हॅस्केल. तिचा पहिला अहवाल १९९० चा. या भाषेत फंक्शनला तेच दिले की तेच उत्तर मिळते, आडून काही बदलत नाही. म्हणून तिचा कंपायलर, जीएचसी, एका लायब्ररीतले छोटे फंक्शन उचलून थेट दुसरीच्या कोडमध्ये बसवू शकतो. प्रोग्रॅम वेगाने धावतो, पण पॅकेज करणाऱ्याचे काम इथेच वाढते.

सी भाषेतली लायब्ररी दुरुस्त झाली आणि तिचे बाहेरचे रूप तेच राहिले, तर जुनी काढून नवी ठेवली की भागते. हॅस्केलमध्ये जुन्या फंक्शनच्या प्रती इतरांच्या पोटात जाऊन बसलेल्या असतात. म्हणून जीएचसी प्रत्येक लायब्ररीच्या रूपावरून एक सांकेतिक ठसा काढतो आणि डेबियन तो ठसा अवलंबनाच्या नावातच गुंफते. ठसा बदलला की तिच्यावर उभ्या असलेल्या साऱ्या लायब्रऱ्या पुन्हा बांधायच्या, मग त्यांच्यावरच्या, अगदी पायापासून वर चढत. मूळ कोडमध्ये एक अक्षरही बदलत नाही, फक्त आवृत्तीच्या शेवटी ‘+बी१’ लागते. आणि हे एकाच प्रकारच्या यंत्रासाठी करून चालत नाही. इंटेलसाठी, आर्मसाठी आणि डेबियन १३ पासून, म्हणजे २०२५ पासून, रिस्क-फाइव्हसाठीही.

कोणती आवृत्ती कुणाशी जुळते, हा निवाडा त्याहून किचकट. डेबियनचा हॅस्केल गट त्यासाठी बहुतेक स्टॅकेजचा आधार घेतो, कारण तिथे एकमेकींसोबत बांधून पाहिलेल्या आवृत्त्यांचा संच मिळतो. तरी एखादी लायब्ररी अडतेच. तिच्यासाठी कुणी पॅच लिहितो, कुणी मूळ लेखकाला कळवतो. नवी लायब्ररी आणायची तर तिच्यातल्या फाइलींचे हक्क आणि परवाने नोंदवावे लागतात, आणि ती नोंद तपासली गेल्यावरच ती भांडारात शिरते. डेबियनमध्ये बरेचसे काम स्वयंसेवकांचे. त्यांची जागतिक परिषद २०२३ मध्ये भारतात प्रथमच, कोचीला भरली. ग्रंथाचे मुद्रित तपासणाऱ्याइतकाच मान मला या माणसांना द्यावासा वाटतो.

जीएचसीची गोष्ट आणखी वेगळी. तो स्वतःच मुख्यतः हॅस्केलमध्ये लिहिलेला आहे. नवा जीएचसी बांधायला आधीचा जीएचसी हाताशी लागतो आणि नवा आला की वरच्या सगळ्या लायब्रऱ्यांची फेरी पहिल्यापासून सुरू होते.

पूर्वी अद्ययावत करताना ‘+बी२’ असे काही दिसले, तर मी न वाचता पुढे जायचो. आता थांबून पाहतो, कुठल्या लायब्ररीमुळे ही फेरी झाली ते.