जुना संगणक का अडतो?

जुना संगणक घेणे हे जुनी सायकल घेण्यासारखेच आहे. तो चालतो, पण अधूनमधून अडतो. अडला की काही माणसे त्याला सरळ भंगारात काढतात. काही माणसे घाईघाईने नको तो उपाय करतात. आमच्या घरात ही दुसरी चूक घडली.

२०२१ साली माझ्या भाच्याने मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरून एक जुना संगणक आणला. या रस्त्याचे नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. पण संगणकाचे सुटे भाग घेणारे लोक अजून जुनेच नाव घेतात. तो संगणक कुठल्याशा कचेरीने काढून टाकलेला होता. काही महिने तो छान चालला. भाच्याने आपल्या मोबाइलमधले सगळे फोटो त्यात उतरवले आणि मोबाइल रिकामा केला. त्या फोटोंमध्ये त्याच्या नानीचे, म्हणजे माझ्या आईचे, शेवटच्या ईदचे फोटो होते.

मग तक्रार सुरू झाली. रोज सकाळी संगणक लावला की पडदा काळा होई. ‘तारीख व वेळ लावलेली नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा,’ अशी इंग्रजीत सूचना येई. एफ-१ दाबले की विंडोज सुरू होई, पण कोपऱ्यातले घड्याळ १ जानेवारी २००९ ही तारीख दाखवी. इंटरनेटवरचे कोणतेही पान उघडायला गेले की ‘हे सुरक्षित नाही’ असा इशारा मिळे.

ओळखीच्या एका तरुणाने दुरूनच निदान केले. तो म्हणाला, “विंडोज बिघडली आहे. डिस्क पुसून नवी घालावी लागेल.” भाच्याने होकार दिला. दोन तासांत नवी विंडोज आली आणि फोटो गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पुन्हा तोच काळा पडदा!

मराठीत एक म्हण आहे : रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पखाल म्हणजे पाणी वाहून नेण्याची कातडी पिशवी. तुम्ही तिला मशक म्हणता. पूर्वी रेड्याच्या पाठीवर पखाल टाकून पाणी नेत. आजारी रेडा, आणि औषध मात्र पखालीला! आमचे अगदी तसेच झाले.

शेवटी भाचा संगणक घेऊन एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेला. मीही बरोबर होतो. मिस्त्रीने हत्यारांना हात लावला नाही. आधी प्रश्न विचारले.

“बेटा, ही तक्रार केव्हा येते? दिवसा बंद करून पुन्हा लावलास तरी येते का?”

“नाही चाचा, फक्त सकाळी येते.”

“रात्री भिंतीवरचे बटण बंद करतोस?”

“हो चाचा, अम्मी रोज बंद करायला लावते.”

मिस्त्री हसला. त्याने पेटी उघडली आणि आतून रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी काढली. तिच्या जागी नवी बसवली, तारीख लावली आणि काम झाले. एका वहीच्या किमतीत संगणक बरा झाला.

हे कसे झाले? संगणकातले घड्याळ संगणक बंद असतानाही चालूच असते. भिंतीवरचे बटण चालू असेल, तर त्याला तेथून थोडी वीज मिळत राहते. बटण बंद केले की ते त्या चपट्या बॅटरीवर चालते. तिला सी. आर. २०३२ म्हणतात. तिचा आकार तिच्या नावातच आहे : २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. ती तीन व्होल्टची असते. काही वर्षांनी तिची शक्ती संपते. मग रात्री बटण बंद केले की घड्याळ थांबते आणि सकाळी ते आपल्या मूळ तारखेवर जाते. इंटरनेटवरच्या सुरक्षित पानांजवळ एक प्रमाणपत्र असते. ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हे त्यावर लिहिलेले असते. संगणकाला २००९ साल वाटत असेल, तर २०२१ चे प्रमाणपत्र त्याला खोटेच वाटणार. बिचारा संगणक आपल्या परीने खरे बोलत होता!

मिस्त्रीने प्रश्न का विचारले, हे समजण्यासाठी संगणक कसा जागा होतो ते पाहू. शाळेची सकाळ आठवा. आधी फाटक उघडते, मग घंटा होते, मग हजेरी आणि नंतर पहिला तास. पहिला तास सुरू झाला नाही, म्हणून आपण लगेच मराठीच्या सरांना दोष देत नाही. फाटक उघडले की नाही, ते आधी पाहतो. संगणकाचेही असेच आहे. प्रथम वीजपेटी घरातली वीज घेऊन ती कमी दाबाची करते आणि आतल्या भागांना पुरवते. मग मदरबोर्डवरचा एक छोटा कार्यक्रम जागा होतो. त्याला बायॉस म्हणतात. तो स्मृती, म्हणजे रॅम, आणि कीबोर्ड, पडदा यांची हजेरी घेतो. त्यानंतर हार्ड डिस्क शोधतो. विंडोज येते ती सर्वांत शेवटी. आमच्या संगणकाची सूचना विंडोजच्या आधीच येत होती. मग दोष विंडोजचा कसा असेल? एवढा विचार आम्ही केला असता, तर फोटो वाचले असते.

तेव्हा संगणक कोणत्या पायरीवर अडतो, ते आधी पाहावे. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, तर वायर, प्लग आणि बटण तपासावे. हे सांगायला नको, असे तुम्हाला वाटेल. पण सैल वायरीमुळे दुकानात आलेले कितीतरी संगणक मिस्त्री लोक पाहतात. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, तर कान द्यावा. अनेक जुन्या संगणकांत हजेरी नीट झाली की एकदाच ‘बीप’ असा आवाज येतो. बीप पुन्हा पुन्हा होत असेल, तर पुष्कळदा रॅमची पट्टी नीट बसलेली नसते. तिच्या सोनेरी कडेवर मळ साचतो. मिस्त्री ती पट्टी काढून साध्या खोडरबराने हलकेच पुसतात आणि पुन्हा घट्ट बसवतात.

संगणक नीट सुरू होऊन थोड्या वेळाने आपोआप बंद पडत असेल, तर पुष्कळदा उष्णता हे कारण असते. प्रोसेसरवरच्या पंख्यात धूळ भरली की तो तापतो आणि जळू नये म्हणून संगणक स्वतःच बंद होतो. इसवी सन २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बनलेल्या अनेक मदरबोर्डांत आणखी एक दोष निघाला होता. त्यांच्यावरचे छोटे नळकांडीसारखे कपॅसिटर काही वर्षांतच फुगत किंवा गळत. कपॅसिटरचे डोके सपाट न राहता फुगलेले दिसले, तर बोर्ड कारागिराला दाखवावा.

पेटी उघडण्यापूर्वी संगणक बंद करून प्लग काढलाच पाहिजे, आणि जवळ मोठे माणूस असावे. वीजपेटी मात्र कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात काही काळ वीज साठलेली असते आणि तिचा जोरदार धक्का बसू शकतो.

हार्ड डिस्कमधून ‘टक टक’ असा आवाज येऊ लागला, तर दुरुस्ती बाजूला ठेवावी आणि आधी आपल्या वस्तूंची नक्कल दुसरीकडे करावी. अशी डिस्क केव्हा बंद पडेल, याचा नेम नसतो. चुकून काही पुसले गेले, तर संगणक ताबडतोब थांबवावा. पुष्कळदा पुसताना फक्त यादी जाते. मजकूर काही वेळ जागेवरच असतो. जाणकार माणूस तो परत काढू शकतो. पण त्या जागेवर नवे काही लिहिले गेले की उपाय उरत नाही. आम्ही तर त्यावर अख्खी विंडोज लिहिली होती.

संगणक नुसताच मंद चालत असेल, तर डिस्क भरली आहे का आणि सुरुवातीलाच खूप कार्यक्रम उघडतात का, ते पाहावे. विंडोज ७ ला सुरक्षेच्या सुधारणा मिळणे जानेवारी २०२० मध्ये थांबले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवी विंडोज जुन्या यंत्राला पुष्कळदा पेलत नाही. अशा यंत्रांवर काही लोक लिनक्स घालतात. ते फुकट मिळते आणि त्याचे काही प्रकार फार हलके असतात.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणत्या गोष्टीने गुण आला ते कळत नाही. ही वहीची रीत जुनी आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या मोठ्या संगणकात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो काढला आणि चिकटपट्टीने नोंदवहीत लावून ठेवला. यंत्रातल्या दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची पद्धत त्याआधीपासूनच होती. येथे तर खराच किडा निघाला! ती वही पतंगासह वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपलेली आहे.

आमच्या भाच्यानेही वही घातली आहे. तिच्यात पहिली नोंद बॅटरीची आहे. तिच्याखाली, दर जुम्याला पेन ड्राइव्हवर नक्कल करायची, असे लिहिले आहे. नानीचे दोन फोटो पुढे माझ्या बहिणीच्या मोबाइलमध्ये सापडले. त्या पेन ड्राइव्हवर सर्वांत आधी तेच उतरवले गेले.