शेकड्यावरची फुलं

दोन नोव्हेंबर. दुपारचे साडेतीन वाजलेत आणि दफनभूमीच्या फाटकाशी रिक्षा, स्कूटर, फुलांच्या पाट्या यांची दाटी झाली आहे. आज सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. उत्तर वसईतल्या आमच्या गावात आज कुणी घरी बसत नाही. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या, अर्धी रजा टाकून विरारला उतरलेले नोकरदार, शाळेच्या गणवेशातली पोरं, सगळे कबरींपाशी उकिडवे बसून तण उपटताहेत. कुणी खुरप्यानं, कुणी नुसत्या हातांनी. पाऊस जाऊन थोडेच दिवस झालेत, त्यामुळे गवत मुळासकट सहज येतं.

बाबांची कबर चौथ्या रांगेत आहे. मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस, एवढीच. इथे जागा अपुरी; काही वर्षांनी याच मातीत दुसऱ्या कुणाला ठेवतील. बाबांना हे माहीत होतं आणि ते त्यांना आवडायचंही. ‘वाडीत एकच पीक कायमचं ठेवतो का आपण?’ असं ते म्हणायचे. म्हणून ग्रॅनाइट बसवलेला नाही.

भाऊ डोक्यावरची पाटी उतरवतो. वर झाकलेलं केळीचं पान बाजूला करताच सोनचाफ्याचा वास आजूबाजूच्या चार कबरींपर्यंत जातो. शेजारच्या कबरीवर मेणबत्ती लावणारी बाई मान वर करून विचारते, ‘त्यांच्याच झाडांचा ना?’ त्यांच्याच. आज पहाटे टॉर्चच्या उजेडात आकडीनं खुडलेला.

आई स्टुलावर बसून फुलं मोजते. शंभराचा एक वाटा, आणि त्याला लागून पाच फुलं वेगळी. आज काही विकायचं नाही, तरीही ती तसंच मोजते. पन्नास वर्षांची हाताची सवय. बाबा असंच मोजत. शंभर फुलं दादरच्या बाजारासाठी आणि पाच ‘वरची’. ती पाच विकून उरलेली नव्हेत, विकायच्या आधी बाजूला काढलेली. भाव चढा असो की पडलेला, हा हिशेब बदलला नाही. नाताळच्या तोंडावर चाफ्याला सोन्याचा भाव आला की आम्ही मुलं चिडायचो, त्या फुलांचे पैसे मनात मोजायचो. वरच्या फुलांतली काही आल्तारवर जायची, काही वाटेवरच्या क्रूसाला, आणि कुणाच्या घरी मयत झाली असेल तर उरलेली सगळी तिकडे.

दादरला ते पहिल्या गाडीनं जात, मालडब्यात उभ्यानं. तिथे भाजीवाल्यांची भजनं रंगलेली असायची. बाबा एका हातानं करंडी धरत, दुसऱ्या हातात खिशातली जपमाळ. शेवटचा मणी संपला की तेही भजनाला टाळ्या देत. त्या डब्यातले दोन म्हातारे विठ्ठलभक्त बाबांच्या मयतीला आले होते. चर्चमध्ये कधी उठायचं, कधी बसायचं त्यांना कळेना. ते पूर्ण मिस्साभर हात जोडून उभे राहिले.

बाबा लहानपणी मिस्सासेवक होते तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असे. फादरना द्यायची उत्तरं त्यांनी अर्थ न कळता घोकली होती. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, त्यानंतर उपासना मराठीत आली, आणि त्यांच्या प्रार्थनेला वाडीची वाट सापडली, असं मला वाटतं. पाणी सोडताना, केळीची पिवळी पानं छाटताना ते मोठ्यानं प्रार्थना म्हणत. वाटेनं जाणाऱ्याला वाटे, बाबा कुणाशी तरी बोलताहेत. मला आजही वाटतं, ते खरंच बोलत होते.

एक वयस्क गृहस्थ काठी टेकत येतात. बांधापलीकडचे शेजारी. कबरीपुढे थांबतात, क्रूसाची खूण करतात आणि आईला म्हणतात, ‘वहिनी, यंदा विहिरीला पाणी बरं आहे.’ एवढंच. पण आईला त्यामागचं सगळं कळतं.

वसईच्या विहिरींवर टँकरवाल्यांची नजर पडली, ते दिवस आम्ही लहान असतानाचे. विहिरीला पंप लावायचा, पाणी उपसून वाढत्या वस्त्यांना विकायचं, मालकाला रोख. समुद्र इतका जवळ की जास्त उपसलं की खालून खारं पाणी चढायचं आणि पानवेल, केळी, सगळं जळायचं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, मोर्चे निघाले. बाबा मोर्चांत चालले, पण भाषण त्यांनी कधी केलं नाही. त्यांनी टँकरला नाही म्हटलं आणि शेजाऱ्याची विहीर खारावली तेव्हा बांधावरून पाइप टाकून दिला. घरात माझ्या शिक्षणाचे पैसे भरायचे होते. पाणी विकलं असतं तर ते एका उन्हाळ्यात भरले गेले असते. बाबांनी त्याऐवजी मोगऱ्याची आणखी एक लागण केली आणि स्वतःची एक झोप कमी केली. आमचं बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, तेही त्यांनी बुजवू दिलं नाही. आज आसपासची कितीतरी बुजली, त्यांवर इमारती आल्या.

लाउडस्पीकरवर गाणं सुरू होतं. मिस्सा इथेच, कबरींच्या मधोमध मांडलेल्या आल्तारवर. सगळे जागच्या जागी उभे राहतात. उपदेश छोटा. नंतर फादर पवित्र पाणी शिंपडत रांगांमधून फिरू लागतात, आणि त्यांच्या मागे सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचे दोघे. ओझानाम नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्यानं सोबत्यांसह १८३३ साली पॅरिसमध्ये हे काम सुरू केलं: गरिबाच्या घरी स्वतः जायचं, बसायचं, विचारपूस करायची. बाबा दर रविवारी मिस्सानंतर सायकलवरून जोडीदारासोबत निघत. तांदूळ, औषध, वह्या. कुणाकडे जातात हे त्यांनी घरी सांगितलं नाही. ज्याच्या दारात जातो त्याची अब्रू आपल्या हातात असते, असं त्यांचं म्हणणं. त्या मौनाला मी औदार्यापेक्षाही मोठं मानते.

फादर पुढे सरकतात. लोक आता घरच्यांच्या कबरींपाशी घोळका करून जपमाळ म्हणू लागलेत. भाऊ मात्र पाटी उचलतो, कारण बाबांचं या दिवसाचं काम अजून व्हायचं आहे. भिंतीकडेच्या शेवटच्या रांगेत ज्यांचं इथे कुणी नाही अशांच्या कबरी आहेत. नालासोपाऱ्याच्या चाळीत एकटा राहून वारलेला परप्रांतीय मजूर, कुटुंब परदेशी गेलेली म्हातारी. काहींच्या क्रूसावरचं नावही पावसानं गेलंय. बाबा घरच्या कबरीआधी तिथे जायचे. आम्ही क्रम उलटा केला, हे आईला पसंत नाही आणि ती ते बोलूनही दाखवते.

मी आणि भाऊ गवत काढतो, पाच-पाच फुलं ठेवतो, मेणबत्ती लावतो. पाटी रिकामी होते. कोपऱ्यातल्या तीन कबरी तशाच राहतात. मी आईला तसं सांगायला परत येते.

आई स्टुलावरून उठते, वाकते आणि बाबांच्या मातीवर रचलेल्या फुलांतून ओंजळ भरते.

‘त्यांना पुरे झाली. ही घे. मेणबत्त्या आहेत का अजून?’

‘दोनच आहेत.’

‘मग फाटकाशी त्या पोरीकडून आणखी एक घेऊन ये. आणि सुट्टे परत मागू नको.’